सड्यावरचा रिले पावसाळ्यात सारखा पडतो? आधी खाली बसून हे बघा, मग चढा

जून लागला की मला येणारे फोन ठरलेले, "दादा, नेट गेलं, सड्यावर जाऊन या जरा". दहातल्या बऱ्याच वेळा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जायची गरजच नसते, आणि जिथे असते तिथे काय सामान घेऊन जायचं ते खाली बसूनच कळतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आधी कुठल्या नेटवर्कबद्दल बोलतोय ते. कोकणातल्या वाड्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत फायबरचं एक कनेक्शन, तिथून सड्यावर ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ (हाच रिले, खालून आलेला सिग्नल पुढे पाठवणारा), सड्यावरून दोन-तीन वाड्यांकडे अजून रेडिओ, आणि वाडीत घराघरावर २.४ गिगाहर्ट्झवाले छोटे मेश नोड, म्हणजे एकमेकांना जोडून नेट पुढे पोचवणारे राउटर, ओपनडब्ल्यूआरटी या फुकट सॉफ्टवेअरवर चालणारे. सगळं गावकीच्या वर्गणीतलं. हा खटाटोप का, हे कोकणात कोणाला सांगायला नको. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय की लाइट गेली की मोबाइलचे टॉवरही काही तासांत मागोमाग जातात, आणि नेमकं तेव्हाच वरच्या वाडीत माणसं कशी आहेत ते विचारायचं असतं.

लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते आधी ठरवा

रात्री किंवा पहाटे रिले गायब होतो, आणि सकाळी दहा-अकराला कोणी हात न लावता परत येतो.

पाऊस सुरू झाला की लिंक (दोन रेडिओंमधली बिनतारी जोडणी) पडते, पण पाऊस थांबल्याबरोबर येत नाही, ऊन पडून दोन-चार तास झाले की येते.

मार्चमध्ये लावली तेव्हा झकास होती, जूनच्या शेवटाला हळूहळू मंदावली, आता रोजच रडते.

सिग्नल छान दिसतो पण स्पीड नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, फोटो जात नाही.

दिवसातून काही वेळा एक-दोन मिनिटं जाते आणि येते.

विजा कडाडल्या आणि त्या रात्रीपासून मेलीच.

हे वेगवेगळे आजार आहेत आणि लोक सगळ्यांवर एकच औषध करतात, रेडिओ रीसेट. कृपया रीसेट करू नका. वरचा रेडिओ फॅक्टरी सेटिंगला गेला की तो तुमच्या नेटवर्कमध्ये राहत नाही, मग लॅपटॉप घेऊन भर पावसात वर चढावंच लागतं, आणि मूळचा बिघाड तसाच राहतो.

अजून एक डोक्यातून काढा, ते म्हणजे "पावसाने सिग्नल खाल्ला". छत्रीवाल्या डिश टीव्हीचं जातं म्हणून सगळ्यांना तसं वाटतं, पण तो १० गिगाहर्ट्झच्या वरचा मामला आहे. आपल्या ५.८ ला ताशी १०० मिलीमीटर, म्हणजे समोरचं घर दिसणार नाही असा पाऊस असला तरी किलोमीटरमागे एखादा डेसिबल (सिग्नलची ताकद मोजायचं माप) जातो. तीन किलोमीटरच्या लिंकला तीन डेसिबल, चांगली लावलेली लिंक त्याने पडत नाही. पाऊस पडल्यावर लिंक जाते हे खरं, पण खाणारा दुसराच असतो. कनेक्टरमधलं पाणी, ओली पानं, नाहीतर उपाशी बॅटरी.

१. नक्की काय पडलंय? (फुकट, पाच मिनिटं)

शाळेतल्या राउटरला जोडून पायरीपायरीने पिंग करा, म्हणजे प्रत्येकाला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघा. आधी शाळेचा राउटर, मग शाळेच्या छतावरचा रेडिओ, मग सड्यावरचा, मग वाडीतला, आणि शेवटी बाहेरचं इंटरनेट. जिथे उत्तर यायचं थांबतं तिथे बिघाड. सगळे नोड उत्तर देतायत आणि फक्त बाहेरचं काही उघडत नाही, तर मेश ठणठणीत आहे, फायबर गेलीय, तिथे तक्रार करा आणि घरी जा. रस्त्याच्या कामाच्या जेसीबीने फायबर तोडली म्हणून लोक सड्यावरची डिश हलवून आलेत हे मी बघितलंय, आणि मग फायबर आली तरी नेट येईना.

त्यासाठी प्रत्येक नोडचा आयपी पत्ता कागदावर लिहून शाळेत भिंतीला चिकटवा. मोबाइलमध्ये नको, ज्याच्या मोबाइलमध्ये आहे तो नेमका मुंबईला गेलेला असतो.

२. अपटाइम बघा (हेही फुकट)

सगळ्यात कामाची तपासणी हीच, आणि सगळ्यात कमी लोक करतात. लिंक परत आली की सड्यावरच्या रेडिओच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा आयपी टाकला की उघडतं ते) अपटाइम वाचा. रेडिओ चालू होऊन किती वेळ झाला ते तिथे दिसतं. लिंक रात्री गेली, सकाळी आली, आणि अपटाइम दोनच तासांचा, म्हणजे रेडिओ बंद पडून चालू झाला. वीज. अँटेना, झाडं, चॅनल काहीही बघू नका, सरळ पुढच्या मुद्द्यावर जा. उलट लिंक रात्रभर नव्हती पण अपटाइम अकरा दिवसांचा दाखवतोय, म्हणजे रेडिओ जिवंत होता, वीज होती, मधलं काहीतरी बिघडलंय. अर्धं काम इथेच होतं.

३. वीज

आधी फालतू वाटणारं. शाळेतल्या बोर्डातलं प्लग ढिलं आहे का, पीओई अडॅप्टरचा (नेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणारा) दिवा लागलाय का, मुलांनी मोबाइल चार्जिंगला लावायला ते काढलंय का. हसू नका, गणपतीच्या दिवसांत डेकोरेशनच्या माळेसाठी हमखास निघतं.

सड्यावर सोलर असेल तर गणित करा. दोन रेडिओ आणि एक छोटा स्विच मिळून १२ वॅट धरले तर २४ तासांचे २८८ वॉट-अवर लागतात. १२ व्होल्ट ४० एएचची (अँपिअर-अवर) लेड ॲसिड बॅटरी कागदावर ४८० वॉट-अवर, पण ती अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हातात २४०. एक दिवस ऊन नाही पडलं की संपली. आता पॅनेल. १०० वॅटचं पॅनेल मे महिन्यात पाच तासांच्या हिशोबाने ५०० देतं आणि सगळे खूश असतात. जुलैत सड्यावर ढगच बसलेला असतो, दोन तासांचा हिशोब लागला तरी नशीब, म्हणजे २००, त्यातून कंट्रोलर आणि वायर आपला वाटा घेतात. रोज खड्डा पडतो, तिसऱ्या-चौथ्या रात्री रिले आडवा.

सकाळी दहालाच का येतो? चार्ज कंट्रोलर साधारण ११.१ व्होल्टच्या आसपास लोड, म्हणजे रेडिओंची वीज, तोडतो आणि बॅटरी १२.६ ला पोचल्याशिवाय परत जोडत नाही. तेवढं चढायला दहा-अकरा वाजतात. म्हणून "आपोआप येतो" हे लक्षण दिसलं की मी बाकी काही विचारत नाही.

मल्टिमीटर घेऊन सूर्य उगवायच्या आत बॅटरीचे व्होल्ट मोजा. दुपारी मोजून उपयोग नाही, चार्जिंग चालू असताना मेलेली बॅटरीसुद्धा १३ च्या वर दाखवते. लोड काढून थोडा वेळ थांबून १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे रिकामी.

आणि इथे माझं ठाम मत. पैसे एकाच गोष्टीचे असतील तर मोठी बॅटरी नको, दुसरं पॅनेल घ्या. गावकीच्या मीटिंगमध्ये सगळे "बॅटरी वाढवा" म्हणतात, पण भरायलाच ऊन नसेल तर मोठी बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहते, आत सल्फेट चढतं आणि पुढच्या वर्षी तीही भंगारात. त्याआधी पॅनेल पुसून बघा, श्रावणापर्यंत खालच्या कडेला शेवाळाची पट्टी धरते आणि तेवढ्या सावलीनेही करंट चांगलाच पडतो.

४. केबल आणि कनेक्टर

खाली बसून दोन आकडे बघा. पहिला, रेडिओचं लॅन पोर्ट (नेटची केबल लागते ते) किती एमबीपीएस स्पीडवर जोडलंय. १०० किंवा १००० असायचं तिथे १० दिसलं, किंवा पोर्टच्या एरर वाढत असतील, तर केबल. सिग्नल छान पण स्पीड नाही, हे लक्षण बहुतेक वेळा इथलंच.

दुसरा, दोन चेनचा (रेडिओतल्या दोन सिग्नलच्या वाटांचा) सिग्नल वेगवेगळा. आपले रेडिओ दोन पोलरायझेशनवर चालतात, उभं आणि आडवं, आणि पानावर सिग्नलच्या ताकदीचे दोन उणे आकडे दिसतात, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दोघांत दोन-तीन डेसिबलचा फरक चालतो. एक उणे ६३ आणि दुसरा उणे ७५ असेल तर त्याच चेनच्या कनेक्टरमध्ये किंवा अँटेनाच्या छोट्या वायरीत पाणी शिरलंय. झाड आडवं आलं किंवा डिश फिरली तर साधारण दोन्ही आकडे एकत्र घसरतात. फुकटात कळतं की वर जाताना टेप न्यायची की कोयता.

वर गेल्यावर केबलचा प्लग काढून आत बघा. तांबं कळकून हिरवं झालं असेल तर कापा आणि नवीन प्लग मारा, घासून साफ करत बसू नका. रेडिओत शिरायच्या आधी केबलला खाली लोंबणारा झोळ आहे ना ते बघा, सगळ्यात खालचं टोक रेडिओच्या तोंडापेक्षा खाली हवं, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आत जात नाही. कनेक्टरला साधी काळी इन्सुलेशन टेप एकाच उन्हाळ्यात सोडून देते. आधी ताणून गुंडाळायची रबर टेप, जी स्वतःलाच चिकटून एकजीव होते, खालून वर अशी गुंडाळा म्हणजे पदर कौलांसारखे पडतात, आणि तिच्यावर उन्हासाठी काळी टेप.

केबल घेतानाच एक बघा. तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दुकानदार तांबंच म्हणणार. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट, आणि पीओईची वीज त्याच तारांतून वर जाते. चांगल्या तांब्याच्या ३० मीटर केबलमध्येसुद्धा १२ व्होल्टवर ८ वॅटचा रेडिओ लावला तर जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच जातात, तीच वीज २४ व्होल्टने पाठवली तर एक व्होल्टही जात नाही. मुलाम्याची केबल, १२ व्होल्ट आणि उतरलेली बॅटरी असं त्रिकूट जमलं की रेडिओ चालू होतो, डेटा टाकायला लागला की बंद पडतो, परत चालू होतो. संध्याकाळी सगळे नेटवर आले की लिंक जाते, यातल्या बऱ्याच तक्रारी म्हणजे हेच.

सड्यावरचा बॅटरीचा डबा उघडताना काठीने झाकण वर करा आणि दोन पावलं मागे उभे राहा. मुंग्या आणि पाली असतातच, पण कातळावर फुरसं (विषारी साप) असतं आणि डब्याखालची कोरडी जागा त्यालाही आवडते.

५. झाडं आणि नेम

मार्चमध्ये लिंक जुळवलीत ना? मार्चमध्ये साग निष्पर्ण असतो, आरपार दिसतं, सिग्नल उणे ६२. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात तोच साग सुपाएवढी पानं काढतो, पानं ओली, आणि सिग्नल उणे ७८. ५ गिगाहर्ट्झला ओली पानं म्हणजे भिंतच. अंदाजासाठी, उणे ६० च्या आसपास मस्त, उणे ७५ च्या खाली स्पीड गडगडतो, उणे ८५ ला लिंक असून नसल्यासारखी.

"पण दिसतंय की समोरचं", असं सगळे म्हणतात. नुसतं दिसून चालत नाही, मधल्या रेषेभोवती मोकळी जागा लागते. ३ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर साधारण सव्वासहा मीटर त्रिज्येचा फुगवटा असतो, त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे पावणेचार मीटर, सगळ्या बाजूंनी मोकळा हवा. ५ किलोमीटरला मध्यावर आठ मीटर, मोकळे हवेत पावणेपाच. त्यामुळे झाडाचा शेंडा रेषेच्या मीटरभर खाली असेल तर दुर्बिणीतून सगळं साफ दिसतं आणि लिंक मात्र मार खाते.

उपाय स्वस्तातून महागाकडे. फांदी तोडा (मालकाला विचारून, हापूसचं कलम असेल तर विचारूच नका). पाइप उंच करा. खांब दहा-पंधरा मीटर बाजूला सरकवा, बऱ्याचदा एवढ्यानेच एक झाड चुकतं. काहीच नाही जमलं तर मध्ये अजून एक रिले. पालघर भागात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागेवर प्रयोग केले होते, त्या लहरी झाडीतून कितीतरी बऱ्या जातात, पण तो पट्टा तुम्हाआम्हाला असा वापरता येत नाही. आपल्याला परवान्याशिवाय मोकळा आहे तो ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झ, ऑक्टोबर २०१८ पासून, तोही पॉवरच्या मर्यादेत. पॉवर वाढवण्यासाठी रेडिओत दुसऱ्या देशाचा कोड टाकू नका. बेकायदा आहेच, शिवाय झाड त्याने हलत नाही.

नेम चुकला असेल तर दोघं लागतात, एक वर, एक खाली आकडा वाचायला. डिशचा झोत जेमतेम दहा-बारा अंशांचा, वादळात पाइप थोडा फिरला तरी पुरे. हळू फिरवा, आकडा चढतो, शिखरावरून पुढे जाऊन उतरू द्या, मग परत या. पहिल्याच चढावर थांबलात तर मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोतावर अडकाल, लिंक लागते पण १५-२० डेसिबल कमी, आणि मग वर्षभर पावसाच्या नावाने बोटं मोडायची. जुळल्यावर नट आवळून पाइपवर आणि क्लॅम्पवर एक सलग रंगाची रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की पाइप फिरलाय हे खालूनच कळतं.

६. सेटिंग. हो, इतक्या खाली

कारण सेटिंग पावसात भिजत नाही. काल चालत होतं आणि कोणी हात लावला नाही, तर सेटिंग सहसा दोषी नसतं. अपवाद सांगतो.

एक-दोन मिनिटं जाऊन येते आणि अपटाइम जुनाच आहे: चॅनल बघा. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलवर रेडिओला रडारसारखं काही ऐकू आलं की चॅनल सोडावा लागतो, नवीन चॅनलवर मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. सड्यावर उंच असल्याने खोटे इशारेही जास्त. १४९ ते १६५ मध्ये या.

पिंग जातो पण साइट अर्धवट उघडतात: वाडीतल्या मेशवर बॅटमॅन (मेशमधली वाट ठरवणारा प्रोग्राम) चालवत असाल तर तो डेटाच्या प्रत्येक पाकिटाला आपलं ३२ बाइटचं वेष्टन लावतो, १५०० चं पाकीट १५३२ होतं, आणि मध्ये एखादा जुना स्विच १५०० च्या वरचं टाकून देतो. लहान पिंग पाठवा, मग १४७२ बाइटचं, तुकडे न करता. लहान जातं, मोठं नाही, तर हेच.

अख्खी वाडीच ठप्प, सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत: कोणीतरी दोन मेश नोड एकाच स्विचला वायरने पण जोडलेत आणि लूप झालाय, पाकिटं गोल गोल फिरतायत. एक वायर काढा, दिवे शांत होतात का बघा. बॅटमॅनमधली लूप टाळायची सोय सगळ्या नोडवर चालू करा, मग वायर परत लावा.

आणि सेटिंग बदलायचंच असेल तर आधी लांबच्या रेडिओचं बदला, मग जवळच्याचं. उलटं केलंत की चढा.

७. मेसेजवाले लोरा नोड असतील तर

ज्या वाड्यांनी मेशटास्टिकचे छोटे नोड (लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवर, नेटशिवाय मेसेज पाठवणारे) घेतलेत त्यांचं वेगळं. प्रदेश भारत ठेवा, म्हणजे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. अँटेना त्याच पट्ट्याची आहे का बघा, ऑनलाइन स्वस्तात मिळतात ते किट बऱ्याचदा ४३३ चे. ८६६ ला पाव लहरीची साधी तार साडेआठ सेंटिमीटरच्या जरा वर भरते, ४३३ ला सतरा. अँटेनाशिवाय नोड कधीही चालू करू नका, पाठवणारा भाग जळू शकतो. सगळ्यांचा प्रीसेट (रेडिओची ठरलेली सेटिंग) आणि चॅनलची किल्ली एकच हवी. मेसेज तीन टप्प्यांच्या पुढे जात नाही, मूळ सेटिंगच तेवढं आहे, सातपर्यंत वाढतं, पण गरज असल्याशिवाय वाढवू नका. आणि घरातल्या खिडकीतल्या नोडला राउटरची भूमिका (मेसेज सगळ्यांआधी पुढे पाठवणाऱ्याची) देऊ नका, ती फक्त सड्यावरच्याला. सगळेच आधी पुढे पाठवायला धावले की हवेत गर्दी होते आणि कोणाचंच पोचत नाही.

इथे थांबा

लाइटीच्या पोलावर किंवा पोलाजवळून गेलेल्या केबलला हात लावायचा नाही. वायरमनला बोलवा. आपली केबल तुटून लाइटीच्या तारेवर पडली असेल तर शाळेकडच्या टोकालाही हात लावू नका, तिथेसुद्धा करंट असू शकतो.

गडगडाट ऐकू येतोय तोवर सड्यावर जायचं नाही, शेवटचा आवाज ऐकल्यापासून अर्धा तास मोजा. मे अखेर आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस सगळ्यात वाईट. विजेनंतर रेडिओचं लॅन पोर्ट मेलं असेल तर नवीन रेडिओ लावायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर नवीनही जाईल. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, कातळात सळी ठोकून "झालं अर्थिंग" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मोजायचं मीटर असलेला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, त्याला आकडा मोजून दाखवायला सांगा, आणि माती असलेल्या जागेपर्यंत पट्टी न्यायचा खर्च गावकीने करावा.

पाइप किंवा टॉवर माणसाच्या दुप्पट उंचीच्या वर असेल तर दोर, पट्टा आणि सवय असलेला माणूसच चढेल. गंजलेल्या पाइपवर, ओल्या कौलांवर, एकट्याने, रात्री, कोणीही नाही. लिंक सकाळपर्यंत थांबते.

फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, भोसकायची नाही, चार्ज करायची नाही. उघड्यावर बाजूला ठेवा, शाळेत नको.

आणि एक ते सहा सगळं झालं, वीज ठीक, केबल नवीन, दोन्ही चेन सारख्या, झाड नाही, नेम बरोबर, तरी आकडा लावला त्या दिवसापेक्षा दहा डेसिबलने कमीच, तर बदली रेडिओ लावून बघा, तेवढ्याने सुटलं तर जुना दुरुस्तीला द्या. नाही सुटलं तर स्पेक्ट्रम (हवेत कुठल्या लहरींची गर्दी आहे ते) बघता येणारा माणूस लागेल, त्याला बोलवताना लावल्या दिवसाचा आकडा, तारीख आणि चॅनल लिहिलेला कागद हातात ठेवा. तो नसेल तर त्याचा पहिला अख्खा दिवस तेच शोधण्यात जातो, आणि त्याचेही पैसे द्यावे लागतात.